गालाचा तुकडा उभा करणारी प्रियदर्शनी

बारामतीत एक बाई आहे, जिनं अर्ध्या इंदापूर तालुक्याचे गाल आतून पाहिलेत. त्या गालांच्या मालकांनी मात्र तिला एकदाही पाहिलेलं नाही. रस्त्यात समोरासमोर आले तरी दोघं आपापल्या वाटेनं जातात. मला हे फार गमतीचं वाटतं. एखाद्याच्या घरी कधी न जाता त्याच्या माजघराचा नकाशा पाठ असावा, तसं आहे ते.

तिचं नाव प्रियदर्शनी. बावड्याच्या धोंडीबा सरवद्यांची थोरली. एवढं लांब नाव बावड्यात कुणाला पुरं घ्यायला वेळ नाही, म्हणून तिकडं सगळे 'दर्शनी' म्हणतात. दाताच्या डॉक्टरनं कुणाच्या गालाचा, जिभेचा, हिरडीचा तांदळाएवढा तुकडा काढला की तो औषधाच्या बाटलीतून तिच्या लॅबमध्ये येतो. तुकडा रात्रभर मशीनमध्ये पडून राहतो, निरनिराळी औषधं पितो. सकाळी दर्शनी तो पातळ मेणात उभा करते, मेण गार झालं की ठोकळ्याचे काप काढते, केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढे पातळ. ते काचेवर घेऊन जांभळा-गुलाबी रंग देते. मग डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि लिहितात काय ते. सही डॉक्टरीणबाईंची. पण बघण्यासारखं काही दिसलं तर ते दर्शनीच्या हातामुळं.

या कामापायी तिची दोन स्थळं मोडली, हे मी धोंडीबाच्या तोंडूनच ऐकलंय. सुप्याकडचे पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी करती काय?"

ही सरळ म्हणाली, "तुकडे कापते."

"कशाचे?"

"माणसाचे."

त्या बाईनं हातातली पोह्यांची ताटली अशी खाली ठेवली म्हणतात, की लिंबाची फोड उडून धोंडीबाच्या मांडीवर. तिसऱ्या स्थळाला धोंडीबानं दम भरून ठेवला होता, "नुसतं लॅबमधी हाय म्हन." पण हिनं पुन्हा तेच सांगितलं. तो मुलगा, बुद्धभूषण, बारामतीत शाळामास्तर. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "हात धुता ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त येळा."

लग्न झालं. आता बुद्धभूषण मला खाजगीत सांगतो की घरात भाकरी केली की ही आधी ती मोडून तिची कड बघते. पापुद्रा किती, खालचं अंग किती, मध्ये वाफेची फट कुठवर गेलीय. बघून झालं की मग खाते. "तात्या, सासरी सून भाकरी बघती म्हनून आईला आधी लई राग यायचा," तो सांगतो, "आता आईपण बघती."

इंदापुरात मेहबूबबीची मच्छीची खानावळ आहे. उजनीची मरळ, चिलापी, आणि रस्सा असा की खाणाऱ्याच्या कानामागून घाम निघतो. मुलगा अफजल गल्ल्यावर, सून समिना भाकऱ्यांवर, आणि रश्श्याला मेहबूबबीशिवाय कुणी हात लावायचा नाही. पळी तळहातावर टेकवायची, तळहात जिभेला लावायचा, डोळे मिटायचे, मग मीठ. तीस वर्षं हाच रिवाज. माझी खुर्ची दाराशी. कोण कुणाबरोबर आलं, कुणी कुणाकडं बघून मान फिरवली, हे तिथून चांगलं दिसतं.

दर्शनी आणि बुद्धभूषण रविवारी बावड्याला जाताना तिथं जेवायला थांबतात. मागच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी चिलापी खात होतो आणि दर्शनीला तिच्या नणंदेबद्दल काही विचारत होतो. दोन्ही कामं एकदम केली की जे होतं ते झालं. काटा हिरडीत घुसला. रक्त आलं. मी ओरडलो.

"चूळ भरा तात्या," दर्शनी म्हणाली. "दोन दिसांत सापडायचं न्हाय कुठं लागलं हुतं ते. तोंडाची जखम लई लवकर भरती. तितं पहाराच तसा हाय."

"कसला पहारा? माझ्या तोंडात?"

"तुमच्या तोंडाला तर दुप्पट पायजे." बुद्धभूषण हसला. ती मात्र भाकरीचा तुकडा हातात घेऊन शिकवायलाच बसली. तिला तोंडाच्या आतल्या अस्तराबद्दल कुणी विचारलं की समोरचं ताट गार होतं.

तिनं भाकरीची कड माझ्यापुढं धरली. "हा वरचा पापुद्रा. गालाच्या आत असाच थरावर थर असतोय. त्यात मधी मधी फांद्या फुटल्यावानी पेशी असत्यात. एरवी त्या जागच्या हलत न्हाईत, पर हात सगळीकडं पसरल्यालं. कुनी परकं आत आलं की त्याचा तुकडा उचलायचा, आन् तो घेऊन गळ्यातल्या गाठीपतुर जायचं. तितं वर्दी द्यायची."

"म्हणजे माझ्यासारख्या," मी म्हणालो.

"एवढाच फरक, त्या तुकडा संगं नेत्यात. तुमी नुसतंच जाता."

अफजल गल्ल्यावरून खिदळला. मी तिकडं दुर्लक्ष केलं.

"पापुद्र्याच्या खाली हे मऊ अंग," ती पुढं म्हणाली. "हितं पांढऱ्या पेशी वस्तीला असत्यात. विरळ. चार हितं, दोन तितं. त्यांनी गप ऱ्हायचं, हे त्यांचं खरं काम. दिसातनं तीनदा भाकरी येती, कालवण येतं, पान येतं. परत्येकावर धावून गेल्या तर मानूस जेवायचा कसा? पर दात आन् हिरडी जितं भेटत्यात तितली गोष्ट येगळी. दात म्हंजे अंगाचं कुंपन फोडून वर आल्याला खुंट. त्याच्या कडंला फट ऱ्हातीच. म्हनून धडधाकट मानसाच्या बी हिरडीत पहारेकऱ्यांची रांग चोवीस तास चालू. आन् चावून चावून हिरडी घासती ना, त्या घासन्यानंच तितला पहारा जागा ऱ्हातो. उंदरांवर बघितलंय म्हन शास्त्रज्ञांनी."

"उंदरांनी काय चावलं?"

"तुमच्यावानी प्रश्न विचारनाऱ्याला."

एवढ्यात मेहबूबबी पदराला हात पुसत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "पोरी," ती म्हणाली, "माझं पहारेकरी मग झोपलं का जागं हायत? चार महिनं झालं, रस्सा चाखला की गालात जाळ होतो. मीठ कळंना. समिनाला इचारून मीठ घालते आता."

हे मला नवं होतं. खानावळीत रोज बसूनही मला नवं, ही नामुष्कीच. दर्शनीनं तिला दारात उजेडाला नेलं, मोबाईलची बॅटरी लावली, आत बघितलं. दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी, कोळ्यानं विणल्यासारखी. डावीकडं एक ठिकाण लाल, सोलवटल्यासारखं. आणि दात काळे, कारण मेहबूबबी चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावते.

"मी डॉक्टर न्हाय मामी," दर्शनी म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "दाताच्या डॉक्टरला दाखवा. उद्याच."

डॉक्टरनं बघितलं. ती जाळी त्याला ओळखीची वाटली, पण ते लाल ठिकाण आणि त्यात मिश्री, म्हणून त्याला खात्री हवी होती. तुकडा काढावा लागेल म्हणाला. मेहबूबबीनं तीन दिवस नाही म्हटलं. तिची सख्खी बहीण तोंडाच्या कॅन्सरनं वारली होती. तिचे तुकडे काढत काढतच ती गेली, असं मेहबूबबीच्या मनात पक्कं बसलं होतं. शेवटी अफजलनं हातापाया पडून नेली. खुर्चीत बसताना तिनं डॉक्टरला बजावलं, "एकदाच कापा. पुन्यांदा कुनासाठी बी मी तोंड उघडनार न्हाय. जे निघंल ते निघंल."

आणि ती खोटं बोलणारी बाई नाही. म्हणजे तो तांदळाएवढा तुकडा, तेवढाच. त्यातून कळलं तर कळलं.

आता माझा भाग सांगतो, लपवून उपयोग नाही. मी त्याच दुपारी शेळगावला एका बारशाला गेलो होतो. तिथं कुणीतरी सहज विचारलं, मेहबूबबी बरी आहे ना? मी फक्त एवढंच म्हटलं, "तोंडाचं काहीतरी हाय." आणि मान हलवली. मान हलवायला नको होती. संध्याकाळपर्यंत ते बावड्यात पोचलं, आणि बावड्याहून परत माझ्याकडं आलं तेव्हा मेहबूबबीला डॉक्टरांनी दोन महिने दिलेले होते.

माझ्या हातून झालेलं भरून काढावं म्हणून मी दर्शनीला फोन केला. "आपल्या मेहबूबबीचा तुकडा तुझ्याकडं येतोय. जरा पुढं घे. घरचं मानूस हाय."

"तात्या, असं पुढं-मागं न्हाय करत आमी."

"अगं, तिचा जीव टांगनीला लागलाय, पुन्यांदा कापू देनार न्हाय म्हनालीय. पहिला घे. एवढं बी न्हाय का माझ्या शब्दाला?"

ती म्हणाली, "बरं."

आपल्याकडं प्रत्येक रांगेला एक बाजूचं दार असतं आणि त्या दारातून आपला माणूस आत सोडणं याला आपण माया म्हणतो. मीही तेच म्हणत होतो. पुढं काय झालं ते मला दर्शनीनंच सांगितलं. मधले तपशील स्वरालीनं, जी तिच्या शेजारच्या टेबलावर काम करते आणि माझ्या मामेभावाची सून लागते.

दर्शनीची रोजची एक रीत आहे. सकाळी मेणाचं भांडं तापलं तरी चिमटे गारच असतात. म्हणून ती आधी मोठे, दांडगे तुकडे घेते, अपेंडिक्स, पित्ताची पिशवी. त्यात हात बसतो, चिमटे तापतात. तोंडाचे नाजूक तुकडे सगळ्यात शेवटी. कारण ते साच्यात कडेवर उभे करायचे असतात आणि मेण गोठेपर्यंत उभे राहायला हवेत. उभा राहिला तर कापात भाकरीची कड दिसते, वरचा पापुद्रा, खालचं अंग, कोण कुठं उभं आहे ते सगळं. आडवा पडला तर नुसताच गोंधळ. स्वरालीनं एकदा एक हिरडी आडवी पाडली होती, तर दर्शनी तिच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

त्या सकाळी दर्शनीनं सगळ्यात आधी मेहबूबबीचा तुकडा घेतला. चिमटा गार. मेण चिमट्यालाच चिकटून गोठलं. तिनं तुकडा उभा केला, चिमटा सोडवायला गेली तसा तो एका कडेला कलंडला. तिला वाटलं उभा आहे. तोवर वरचं मेण पांढरं झालं होतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी काच लावली आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग त्यांनी दर्शनीला बोलावलं. तिरप्या कापात वरच्या पापुद्र्याची बेटं बेटं दिसत होती, खालच्या अंगात घुसल्यासारखी, आणि सगळीकडं पांढऱ्या पेशींची गर्दी. "ही बेटं मला आवडत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "कॅन्सर खाली उतरतो तेव्हा अशीच दिसतात. पण काप तिरपाही असू शकतो. मी संशय आहे असं लिहून दुसरा तुकडा मागवते."

दुसरा तुकडा येणार नाही, हे त्या खोलीत एकट्या दर्शनीला माहीत होतं. आणि 'संशय' हा शब्द कागदावर उतरला की मेहबूबबी पदर तोंडावर ओढून घरात बसेल आणि कुणालाच तोंड दाखवणार नाही, हेही.

स्वराली सांगते, दर्शनीनं जाऊन ठोकळा उजेडाला धरला, तेव्हा तुकडा कलंडलेला दिसला. पंधरा वर्षांत तिच्या नावावर अशी चूक नव्हती. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तुकडे आखडतात, वळतात, दोष तुकड्यालाच देता येतो.

"मॅडम," ती म्हणाली, "तुकडा माझ्या हातनं कलंडलाय. ओळखीचं हाय म्हनून मी पहिला घेतला. चिमटा गार हुता."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तू?"

"मीच."

"उरलाय किती?"

"अर्धा. त्याच्या एका कडंला वरचा थर शाबूत असायला पायजे. ठोकळा वितळवून पुन्हा उभा करते. पर ह्या खेपंला चुकलं तर काय बी उरनार न्हाय."

"मग आज नको. हात शांत असेल तेव्हा कर."

दुसऱ्या दिवशी दर्शनीनं आधी सहा अपेंडिक्स आणि एक मोठी थोरली गर्भपिशवी घेतली. चिमटे चांगले कढत झाले. मग मेहबूबबीचा ठोकळा वितळवला, भिंग डोळ्याला लावलं, आणि तो अर्ध्या तांदळाचा तुकडा कडेवर धरून बसली. मेण गोठेपर्यंत तिनं पापणीसुद्धा हलवली नाही, हे स्वरालीचं म्हणणं. स्वराली जरा वाढवून सांगते, आमच्याच घरातली आहे. पण काप काढताना खोलीतला पंखा बंद केला होता हे खरं, कारण तसले काप श्वासानंसुद्धा उडतात. कोमट पाण्यावर सोडले तेव्हा चार काप सलग तरंगले. चारही तिनं काचेवर उचलले.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि तिला म्हणाल्या, "ये, तूच बघ."

वरचा पापुद्रा सलग होता. त्याच्यातलं काहीही खाली उतरलेलं नव्हतं. ती बेटं म्हणजे तिरप्या कापानं पाडलेली फसवी चित्रं होती. आणि पापुद्र्याच्या लगेच खाली, त्याला अगदी घासून, पांढऱ्या पेशींचा एक पट्टा. कुस्तीच्या फडात दोराला खेटून माणसं उभी असतात ना, मागं मैदान मोकळं आणि सगळी गर्दी दोरापाशी, तसा. ज्यांनी विरळ वस्तीला राहून गप्प बसायचं, ते सगळे उठून दोराशी आले होते आणि पापुद्र्याची सगळ्यात खालची ओळ आपलीच असून कुरतडत होते. लायकेन प्लॅनस म्हणतात त्याला. जाळी त्याचीच, जाळ त्याचाच. कॅन्सरची खूण कुठंही नव्हती.

संध्याकाळी मी फोन केला. "काय निघालं गं?"

"रिपोर्ट ज्याचा त्याला, तात्या."

"अगं पन मीच तर तुला..."

"तुमी तर बोलूच नगा." फोन ठेवला. मला आजवर इतक्या स्पष्टपणे कुणी गप्प केलेलं नाही. बायकोनंसुद्धा नाही.

रिपोर्ट शनिवारी डॉक्टरनं अफजलला समजावून सांगितला. रविवारी दर्शनी आली. ताटावर बसायच्या आधी ती थेट चुलीपाशी गेली. मी खुर्ची थोडी आत सरकवली.

"मामी, एक सांगायचंय. तुमचा तुकडा माझ्या हातनं पडला हुता. अर्धा वाया गेला. उरलेल्यात कळलं, ते नशीब."

मेहबूबबीच्या हातातली पळी थांबली. "कसा पडला?"

दर्शनीनं सगळं सांगितलं. फोनसुद्धा. मेहबूबबी सावकाश माझ्याकडं वळली.

"तात्या."

"व्हय."

"तुमी मला पुढं घातलं?"

"मायेनं गं."

"आन् शेळगावात मला मारून बी तुमीच आला का, मायेनं?"

खानावळ हसली. मी पाणी प्यालो. ती म्हणाली, "ज्याला ज्याला सांगितलंत, त्याला त्याला जाऊन सांगा, मेहबूबबी जिती हाय म्हनून. तवर रस्सा मिळायचा न्हाय."

मग ती दर्शनीकडं वळली. तिला रागवावं की जवळ घ्यावं, हे तिचं ठरत नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाली, "तू सांगितलंस म्हनून कळलं. न सांगतीस तर?"

"तर तुमाला पुन्हा कापायला बोलावलं असतं."

"आन् मी आले नसते."

"म्हनून तर सांगितलं."

डॉक्टरीणबाईंना विचारून दर्शनीनं त्या काचेचा फोटो आणला होता. मोबाईलवर जांभळा-गुलाबी गाल. मेहबूबबीनं चष्मा लावून खूप वेळ बघितला. "हे समदं माझ्या आत?"

"व्हय. हा वरचा थर. ही खाली जमल्याली तुमचीच मानसं."

"एवढी?" तिनं बोटानं पट्टा मोजल्यासारखा केला. "एवढी मानसं माझ्या गालात बसल्यात, आन् एकाला बी माझा रस्सा चालत न्हाय?"

"सध्या न्हाय चालत. मलम दिलंय ना डॉक्टरनं? ते लावा, तिखट कमी करा. आन् मिश्री आजपास्नं बंद."

"मिश्री?" मेहबूबबीचा आवाज चढला. कॅन्सर नाही म्हटल्यावर जेवढं तिला बरं वाटलं होतं, त्यातलं बरंचसं या एका शब्दानं गेलं. "चाळीस वरसं..."

"म्हनूनच."

समिना मागून म्हणाली, "अम्मी, मी बघते कशी लावताय ते." सुनेला असली संधी रोज मिळत नाही.

"आनखी एक हाय," दर्शनी म्हणाली. तिनं आवाज जरा खाली आणला, कारण हे सगळ्यात अवघड होतं. "ह्यात कधी कधी, फार थोड्यांत, पुढं काय तरी निघतं. म्हनून तीन महिन्यांनी डॉक्टरकडं दाखवायला जायचं. मग पुन्हा तीन महिन्यांनी."

मेहबूबबीनं पळी पातेल्याच्या कडेला ठेवली. "पुन्हा कापनार?"

"न्हाय. नुसतं बघनार."

"नुसतं?"

"नुसतं. बॅटरी लावून."

चुलीवर रस्सा रटरटत होता. अफजल गल्ला सोडून दारात येऊन उभा राहिला होता. दुपारच्या जेवणाला सात-आठ गिऱ्हाइकं बसलेली, सगळ्यांचे घास हातात.

"मग तीन महिनं कशाला थांबायचं," मेहबूबबी म्हणाली. पदर खांद्यावर टाकला, उजेडाकडं तोंड केलं आणि दर्शनीसमोर आ केला. एवढा मोठा, की कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकालाही दाढा दिसल्या.

"बघ," ती तशीच, तोंड उघडं ठेवून म्हणाली.